ठाणे-नवी मुंबईत कामगार संघटनेची नोंदणी: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यात किंवा वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये युनियन काढायला मालकाची परवानगी लागत नाही. अर्ज जातो कामगार संघटना निबंधकाकडे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू आहे; सदस्यसंख्येची अट मात्र जुन्या कायद्यासारखीच आहे.

अर्जदार किमान सात हवेत. शिवाय अर्जाच्या दिवशी आस्थापनेतले १० टक्के किंवा १०० कामगार, यातला कमी आकडा गाठलेला हवा. २४० कामगार असतील तर २४ सदस्य. १,५०० असतील तर १५० नव्हे, १०० पुरतात. ४० कामगारांचे दहा टक्के चारच होतात, तरी सातांशिवाय नोंदणी नाही. मोजताना काळजी घ्या: दरमहा १८,००० रुपयांवर पगार असलेला सुपरवायझर एरवी संहितेनुसार कामगार नसला, तरी संघटनेच्या नोंदणीसाठी तोही कामगार धरला जातो.

नेमक्या सातच जणांवर अर्ज करू नका. अर्जानंतर दबावाखाली काहींनी माघार घेतली तरी तो रद्द होत नाही, पण निम्म्याहून जास्त अर्जदार फुटले तर बुडतो. सातांपैकी चार गेले की संपलं. वीस अर्जदार असतील तर दहा जाईपर्यंत अर्ज टिकतो.

अर्जासोबत शपथपत्र, नियमावली, ती मंजूर केल्याचा ठराव आणि अर्जदारांना अधिकार देणारा ठराव लागतो. सदस्यांची नावं, पत्ते, कामाचं ठिकाण द्या. पदाधिकाऱ्यांचं वय आणि व्यवसायही. मस्टरवर (हजेरीपटावर) आडनाव आधी आणि तुमच्या यादीत नाव आधी असेल तर पडताळणीत घोळ होतो, म्हणून प्रत्येक नावापुढे टोकन नंबर लिहा. नियमावलीत उद्देश, वर्गणी, निधीचा वापर, निवडणूक, वार्षिक हिशेब तपासणी, विसर्जन हे सगळं असावं. नाव दुसऱ्या नोंदणीकृत संघटनेशी मिळतंजुळतं असलं तर बदलावं लागतं. संघटित क्षेत्रात बाहेरचे पदाधिकारी एक तृतीयांश किंवा पाच, यातल्या कमी आकड्यापर्यंतच चालतात.

नोंदणी नाकारली तर न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. युनियन केली म्हणून कामावरून काढणं ही अनुचित कामगार प्रथा आहे.

नोंदणी झाली म्हणजे वाटाघाटीचा हक्क मिळाला असं नाही. एकाहून जास्त संघटना असतील तर मस्टरवरचे ५१ टक्के कामगार ज्या संघटनेकडे, तिलाच तो मिळतो. कुणाकडेच नसतील तर किमान २० टक्के कामगार असलेल्या संघटनांची वाटाघाटी परिषद बनते. म्हणून वर्गणीच्या पावत्यांच्या स्थळप्रती पहिल्या महिन्यापासून जपून ठेवा.