मुंबई-पुण्यातली सुरुवातीची सिनेमा थेटरं
आपल्याकडे सिनेमा आधी आला आणि सिनेमाची थेटरं बऱ्याच वर्षांनी. ७ जुलै १८९६ ला मुंबईत काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात सिनेमाचं यंत्र बनवणाऱ्या फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंच्या माणसाने सहा छोट्या फिल्म दाखवल्या, तिकीट एक रुपया, म्हणजे तेव्हा गिरणीत राबणाऱ्या माणसाच्या आवाक्याबाहेरच. पण आठवड्याभरात हेच खेळ नॉव्हेल्टी या नाटकाच्या थेटरात सुरू झाले, तिथे पुढे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत तिकिटं ठेवली, पडदानशीन बायकांसाठी वेगळे बॉक्ससुद्धा. माझ्या मते खरी सुरुवात ही चार आण्यांचीच.

हे खेळ पाहून भारावलेले फोटोग्राफर सावेदादा भाटवडेकर यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला कुस्ती शूट केली. पुढे गेटी थेटरचा कारभारही त्यांनी बघितला, हेच थेटर नंतर व्हीटीसमोरचं कॅपिटॉल झालं.

मराठी माणसाचा सिनेमा मात्र गिरगावात रुजला. फाळक्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा पिक्चर पाहिला तोही गिरगावातल्याच एका थेटरात, आणि ३ मे १९१३ ला त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला तो सँडहर्स्ट रोडच्या कॉरोनेशनमध्ये. त्या काळी नुसत्या पिक्चरवर लोक येतील याची मालकांना खात्री नसायची, म्हणून त्याच खेळात नाच, विनोदी नक्कल आणि पायांनी वस्तू झेलणारा जगलरही होता. मूकपट असल्याने पडद्याजवळ पेटी-तबला वाजायचा, वाचता न येणाऱ्यांसाठी पाट्या मोठ्याने वाचून दाखवल्या जायच्या, त्यामुळे थेटरात शांतता अशी नसायचीच.

पुण्यात १९१५ मध्ये गंगाधरपंत पाठकांनी मंडईजवळ आर्यन सिनेमा सुरू केला, फाळक्यांचा 'लंकादहन' १९१७ मध्ये तिथेच लागला. पुण्याच्या जुन्या थेटरांत आर्यनचा मान मोठा, ते १९८० च्या दशकात पाडलं याची हळहळ आजही वाटते.

मग १४ मार्च १९३१, गिरगावातलं मॅजेस्टिक थेटर आणि आपला पहिला बोलपट 'आलम आरा'. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले, चार आण्यांचं तिकीट ब्लॅकमध्ये चार-पाच रुपयांना गेलं म्हणतात. याच मॅजेस्टिकच्या जागेत १९४२ मध्ये केशवराव कोठावळ्यांनी पुस्तकांचा स्टॉल टाकला, त्यातूनच पुढे मॅजेस्टिक प्रकाशन निघालं, थेटर कधीच गेलं पण मॅजेस्टिक हे नाव मराठी वाचकाच्या कपाटातल्या पुस्तकांवर अजून आहे.