प्राणिज तेले (त्वचोपचारातील)

प्राण्यांची चरबी, यकृत किंवा लोकर यांपासून काढलेली आणि त्वचेचा दाह, कोरडेपणा व जखमा यांवर लावली जाणारी स्निग्ध द्रव्ये. हा वापर फार जुना आहे. इ. स. पू. १६०० च्या सुमारास लिहिलेल्या एडविन स्मिथ पपायरस या प्राचीन इजिप्तच्या वैद्यकीय हस्तलिखितात जखमेवर पहिल्या दिवशी ताजे मांस बांधावे, नंतर रोज चरबी, मध आणि तंतूंचा बोळा लावावा, असे वारंवार सांगितले आहे.

या तेलांचा बराचसा गुण निव्वळ झाकण्याचा असतो. १९६२ साली संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या उथळ जखमा ओलसर राखल्या, तेव्हा खपली धरलेल्या उघड्या जखमांपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने त्यांवर नवी त्वचा आली. त्यांनी वापरला होता तो पॉलिथिनचा पापुद्रा, तेल नव्हे; म्हणजे नुसते झाकणेही उपयोगी पडते.

एमू या मोठ्या, न उडणाऱ्या पक्ष्याच्या तेलाचा दावा याहून मोठा आहे: ते दाह कमी करते आणि म्हणून जखम भरते. ऑस्ट्रेलियाचे आदिवासी हे तेल पूर्वापार वापरत आले आहेत. एमूच्या पाठीवर, कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. तो मंद आचेवर कढवून गाळला की फिकट पिवळे तेल मिळते. त्यात ओलेइक अम्ल (एक मेदाम्ल) सर्वांत जास्त. उंदरांच्या कानावर मुद्दाम आणलेली सूज या तेलाने कमी झाली. मात्र प्राण्यांवरील एका प्रयोगात (१९९८) एमू तेलाचे लोशन ताज्या जखमेवर लगेच लावले, तर भरणे लांबले. एक दिवस थांबून लावले, तर वेग वाढला. यात आश्चर्य नाही. सुरुवातीचा दाह हा जखम साफ करणाऱ्या पांढऱ्या पेशींचाच उद्योग असतो, तो दाबला की पुढचे काम अडते. ‘दाह कमी करते’ म्हणजे ‘जखम भरते’ असे जाहिराती धरून चालतात, ते म्हणून चुकीचे.

कॉड माशाच्या यकृताच्या तेलात अ आणि ड जीवनसत्त्वे असतात. झिंक ऑक्साइडसह त्याचे मलम बाळांच्या लंगोटाच्या जागी उठणाऱ्या पुरळावर वापरतात. वास मात्र माशाचाच.

मेंढीच्या लोकरीतून मिळणारे लॅनोलिन रासायनिकदृष्ट्या तेल नसून मेण आहे. स्तनपानात चिरलेल्या स्तनाग्रांवर ते लावतात. निरोगी त्वचेला ते सहसा सोसते. त्याची ॲलर्जी जास्त आढळते ती पायावर दीर्घकाळ न भरणाऱ्या जखमा (जुनाट व्रण) असलेल्या रुग्णांत.