व्यसन म्हणायचं की नाद?

स्वभाव आणि सोशल मीडियाचा अतिरेक हा विषय निघाला की सगळे थेट 'व्यसन' म्हणतात, पण हा शब्द इथे आला कसा ते बघण्यासारखं आहे. १९९५ ला न्यूयॉर्कच्या एका मानसोपचारतज्ज्ञाने 'इंटरनेटचं व्यसन' हा आजार चक्क टिंगल म्हणून लिहिला, डॉक्टर ज्यावरून निदान करतात त्या मानसिक आजारांच्या जाडजूड पुस्तकाची थट्टा करायला, आणि लोक म्हणायला लागले अहो हे तर मलाच आहे! पुढच्याच वर्षी दुसऱ्या कुणीतरी जुगाराच्या व्यसनाचे निकष उचलून सिरियसली इंटरनेटला लावले.

सध्या चालते ती मोजपट्टी नॉर्वेतली, २०१२ ची, सहा प्रश्नांची. आधी फेसबुकसाठी होती, मग फेसबुक खोडून सोशल मीडिया लिहिलं, झालं. खरी मेख कटऑफमध्ये, म्हणजे व्यसनी कुठून पुढे धरायचं त्या रेषेत आहे. सहापैकी चार प्रश्नांना नुसतं 'कधीकधी' म्हटलं तरी व्यसनी धरायचं, की सहाही लक्षणं हवीत? ३२ देशांतले अभ्यास एकत्र केले तेव्हा कडक निकषाने ५ टक्के लोक व्यसनी निघाले आणि सैल निकषाने २५. म्हणजे आकडा माणसांपेक्षा पट्टीवरच ठरतो. २०२० ला काही जणांनी असेच प्रश्न प्रत्यक्षातल्या मित्रांबद्दल विचारले तर ८०७ पैकी ६९ टक्के लोक 'मित्रांचे व्यसनी' निघाले, आता बोला! आजारांच्या जागतिक यादीत २०२२ पासून गेमिंग आहे, सोशल मीडिया नाहीये. मला तरी 'नाद' बरा वाटतो, त्यात निदान डॉक्टरकी नाही.

त्याच ३२ देशांत, समूहाला महत्त्व देणाऱ्या समाजांत ३१ टक्के व्यसनी निघाले आणि व्यक्तीला महत्त्व देणाऱ्यांत १४. पण जिथे नातेवाइकांना लगेच रिप्लाय देणं हे वळण समजतात तिथे 'फोन नसला की अस्वस्थ वाटतं' याचा अर्थ वेगळाच होणार ना.

स्वभावाचं म्हणाल तर पटकन अस्वस्थ होणारे जास्त अडकतात, शिस्तीचे कमी, हे बऱ्याच ठिकाणी दिसलंय. बहिर्मुखांचं उत्तर मात्र अभ्यासागणिक बदलतं, कारण बोलके लोक गप्पांसाठी येतात आणि लाजाळू लोक समोरासमोर जमत नाही म्हणून येतात. आणि मानसशास्त्र स्वभाव ज्या पाच कप्प्यांत मोजतं (अस्वस्थपणा, शिस्त, बहिर्मुखपणा वगैरे) ते तरी कुठले, तर १९३६ ला इंग्रजी डिक्शनरीतून वेचलेल्या जवळपास १८,००० शब्दांपासून सुरू झालेल्या कामातले. २०१३ ला बोलिव्हियातल्या शेती-शिकारीवर जगणाऱ्या एका जमातीत तेच पाच शोधले तर दोनच सापडले, लोकांशी मिळून वागणं आणि कष्टाळूपणा.