पूर ओसरल्यावरचा दुसरा आठवडा

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. ते उतरलं तेव्हा मागे राहिला गुडघाभर चिखल. असा चिखल उपसायला उतरलं की चप्पल पहिल्या चार पावलांतच रुतून बसते. मग माणूस अनवाणीच फावडं-घमेलं घेऊन कामाला लागतो. दोन तासांत तळव्यांची कातडी पांढरी पडते, सुरकुतते. त्यात काच किंवा पत्र्याची कड लागली तर बघतो कोण? दुकान वाचवायचं असतं.

लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचा, जंतू शिरतो तो नेमका याच वेळी. लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा वळलेला, अतिशय बारीक जीवाणू. तो उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात राहतो. त्यांना फारसा त्रास देत नाही, मूत्रावाटे बाहेर पडत राहतो. गुराढोरांकडूनही तो पसरतो. एरवी हे मूत्र बिळात नाहीतर गोठ्याच्या कोपऱ्यात राहतं. पूर आला की ते गावभर होतं. ओल्या मातीत आणि साचलेल्या गोड्या पाण्यात हा जंतू कित्येक आठवडे तग धरतो. कोरडं ऊन मात्र त्याला सोसत नाही. आणि कोकणात जुलै-ऑगस्टात कोरडं ऊन आणायचं कुठून?

पुरानंतर सगळ्यांना धास्ती असते ती मेलेल्या जनावरांच्या दुर्गंधीची. त्यांची विल्हेवाट लवकर लावायला हवीच, पण त्या वासाने साथ येत नाही. जिवंत उंदीर आणि दूषित पाणी, धोका आहे तो इथे.

जंतू शिरल्यापासून ताप यायला बहुधा ५ ते १४ दिवस लागतात, कधी महिनाही. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या अंतराची. पहिल्या आठवड्यात मदतीचे टेम्पो रांगेने उभे असतात. पाणी, बिस्किटं, चादरी, सगळं येतं. लोक जीव ओतून मदत करतात. पण तापाचे रुग्ण वाढू लागतात तोवर बहुतेक टेम्पो परत गेलेले असतात. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतरही लेप्टोची साथ पुढच्या आठवड्यांतच उसळली होती.

म्हणून मदतीच्या सामानात पहिल्या दिवसापासून गमबूट आणि रबरी हातमोजे हवेत. लेप्टो टाळण्यासाठी डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविकही हवं. चिखलपाण्यात काम करणाऱ्या मोठ्या माणसाला डॉक्टर आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम देतात. गरोदर बाई आणि लहान मुलांना हे औषध देत नाहीत, त्यांच्यासाठी डॉक्टरांनाच विचारायचं. गोळी जेवल्यावर, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही. अन्ननलिकेला जखम होते.

विहिरीचं पाणी शुद्ध करायचं गणित वेगळं. १००० लिटर पाण्याला साधारण अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर लागते. ३ मीटर रुंद, ४ मीटर पाणी असलेल्या गोल विहिरीत सुमारे २८ हजार लिटर पाणी, म्हणजे पावडर ७० ग्रॅम. हा हिशेब स्वच्छ पाण्याचा. पुराचं गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं, म्हणून आधी उपसा करायचा, पावडर टाकल्यावर तासभर थांबायचं आणि ओटी टेस्टमध्ये (पाण्यात क्लोरीन उरलंय का, ते दाखवणारी चाचणी) पाणी पिवळं होतंय ना, ते बघायचं. रंग आला नाही तर पुन्हा पावडर.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आशाताई दारात येऊन विचारते, "काकी, ताप आहे? पोटऱ्या दुखतात? डोळे लाल झालेत?" काकी म्हणते, "अगो, चिखल उपसून अंग आंबलंय, दुसरं काय!" ताईने इथून हलू नये. पहिल्या काही दिवसांत रक्तातली प्रतिपिंडं (जंतूशी लढायला शरीर तयार करतं ती) पुरेशी वाढलेली नसतात, त्यामुळे तपासणी निर्दोष येऊ शकते. लेप्टोचा संशय आला की डॉक्टर रिपोर्टसाठी न थांबता औषध सुरू करतात. उशीर झाला तर कावीळ होते, लघवी कमी होते, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. चिखलात उतरलेल्या माणसाला ताप आला, तर केसपेपर काढतानाच सांगायचं, "मी पुराच्या चिखलात होतो."