अंतर्मुख, घुमा आणि चकवा : पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत लाकडी फळ्यांचे कप्पे आहेत. कोपर जरा पसरलं की शेजारच्याच्या फळीला लागतं, एवढीच जागा. माझा भाचा तिथं राज्यसेवेचा अभ्यास करतो. मागच्या पावसाळ्यात त्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर एका व्यक्तिमत्त्व चाचणीतली चार अक्षरं आली, आयएनएफपी, आणि खाली, 'लूपमध्ये आहे, फोन करू नका.' ताईचा मला लगेच फोन. "हे लूप म्हंजे काय रं? डॉक्टरला दाखवू का?" तिच्या लेखी पोरगं घुमं झालं होतं. त्याच्या लेखी तो अंतर्मुख होता आणि एका ठरावीक रीतीनं अडकला होता.

मी जमेल तसं समजावून सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "म्हंजे चकवा लागलाय की!"

याहून नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही. रानात चकवा लागला की माणूस रात्रभर चालतो आणि पुन्हा पुन्हा त्याच बांधावर येतो. पायाला काही झालेलं नसतं आणि वाटही तिथंच असते, पण सुटका म्हणून होत नाही.

आधी 'अंतर्मुख' या शब्दाचं पाहू, कारण गोंधळाचं मूळ तिथं आहे. हा शब्द मराठीत मानसशास्त्राच्या कितीतरी आधीपासूनचा. मन बाहेरच्या विषयांवरून काढून आत वळवणं, असा त्याचा वेदान्तातला आणि कीर्तनातला अर्थ. ती कमावण्याची अवस्था होती, जन्माला येताना मिळालेला स्वभाव नव्हे. माणूस अंतर्मुख 'होत' असे. हा अर्थ अजून मेलेला नाही. निवडणुकीच्या निकालानं पक्षाला अंतर्मुख व्हायला लावलं, असं आजही वर्तमानपत्रात छापून येतं, आणि तिथं पक्ष लाजाळू झाला असं कुणी समजत नाही.

एका स्विस मनोविकारतज्ज्ञानं 1913 च्या एका व्याख्यानात आणि मग 1921 च्या ग्रंथात माणसाच्या मनाचा ओढा आत की बाहेर, अशी विभागणी मांडली. ती मराठीत आणताना तयार शब्द हाताशी होता, तो उचलला गेला. क्रियापद मात्र बदललं, 'होणं' जाऊन 'असणं' आलं. कमावण्याची गोष्ट जन्मखूण बनली. माझ्या मते भाषांतरातली ही एक छोटी निवड पुढं फार महागात पडली, कारण जन्मखुणेवर कुणी काम करत नाही.

बोलीतले शब्द याच्या अगदी उलट्या टोकाचे. घुमा, एकलकोंडा, माणूसघाणा. सगळे दुसऱ्यानं चिकटवलेले. 'मी घुमा आहे' असं स्वतःहून कोण म्हणतं? कोल्हापुरात तर पेठ, तालीम आणि कट्टा यांच्या बाहेर राहणं हीच एक तक्रार. 1901 पासून इथं बोर्डिंगं उभी राहत गेली आणि खेड्यापाड्यातली पोरं एका पंगतीत जेवायला, एका खोलीत झोपायला शिकली. त्या व्यवस्थेनं किती घरं वर आणली ते सांगायला नको. पण स्वतंत्र खोली, दाराला आतून कडी, हे प्रकरण इथल्या मधल्या वर्गात अगदी अलीकडचं, फ्लॅटबरोबर आलेलं. ज्याला गप्प बसायचं होतं तो रंकाळ्याच्या काठावर नाहीतर गच्चीवर जायचा, आणि अर्ध्या तासात कुणीतरी हुडकत यायचंच.

माणसांचे सोळा प्रकार पाडून प्रत्येकाला चार अक्षरं देणारी ही प्रश्नावली अमेरिकेतली. एका आईनं आणि तिच्या मुलीनं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती रचायला घेतली. दोघींनीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. एका मोठ्या चाचणी संस्थेनं ती 1962 साली छापली. (त्याच वर्षी इथं विद्यापीठ सुरू झालं. संबंध काही नाही, साल लक्षात ठेवायला सोपं पडतं एवढंच.) सोळा प्रकार कोणते, हे आता दहावीच्या पोरालाही पाठ असतं, ते सोडून देऊ.

मुद्द्याची गोष्ट अक्षरांच्या मागे आहे. मूळ मांडणीत मनाच्या चार क्षमता: संवेदन, अंतःस्फूर्ती, विचार, भावना. प्रत्येकीचं तोंड आत किंवा बाहेर. प्रत्येक माणसात एक क्षमता प्रमुख, दुसरी तिची सहायक, मग तिसरी आणि सगळ्यात कच्ची चौथी. प्रमुख क्षमतेचं तोंड आत असेल तर सहायक बाहेर तोंड करून असते, हे आई-लेकीनं पक्कं केलं. 1921 च्या ग्रंथात ते इतक्या स्वच्छ शब्दांत नाही, पण बहुतेकांनी मान्य केलं. घर आत असलं तरी एक दार रस्त्यावर उघडतं, असा त्याचा अर्थ.

मग तिसरीचं तोंड कुठं? खरा वाद इथं आहे. 1983 साली एका लेखक-गटानं मांडलं की तोंडं आलटून पालटून असतात: आत, बाहेर, आत, बाहेर. म्हणजे तिसरी पुन्हा आत. 1985 च्या अधिकृत मार्गदर्शिकेनं उलट सांगितलं: आत तोंड असते ती फक्त प्रमुख, उरलेल्या तिन्ही बाहेर. वरवर हा पंडितांचा काथ्याकूट वाटेल, पण आज हजारो पोरं जिला लूप म्हणतात ती कल्पना सबंध याच एका निर्णयावर उभी आहे. तिसरी आत असेल तरच प्रमुख आणि तिसरी यांची आतल्या आत गट्टी जमते आणि रस्त्यावरचं दार बंद पडतं. 1985 चं म्हणणं धरलं तर तिसरीही बाहेरच पाहते, आणि मग असा चकवा लागायला जागाच उरत नाही.

भाच्याचंच उदाहरण घेऊ. आयएनएफपी म्हणजे प्रमुख भावना, आत. सहायक अंतःस्फूर्ती, बाहेर. नव्या शक्यता हुंगणारी. तिसरी संवेदन, आणि 1983 च्या हिशेबानं तिचं तोंड आत, म्हणजे जुन्या अनुभवांची पेटी. मुलाखतीत तीन गुण कमी पडले, मन दुखावलं. दुखावलेलं मन पेटी उघडतं, नववीत फळ्यासमोर गप्प उभं राहिल्याचा प्रसंग बाहेर काढतं, त्यानं मन आणखी दुखावतं, पुन्हा पेटी. पुढच्या जाहिरातीकडे, दुसऱ्या वाटेकडे पाहायचं काम जिचं, ती सहायक दाराबाहेर ताटकळत. आयएनटीपीमध्ये भावनेच्या जागी विचार, बाकी खेळ तोच. आयएनएफजेचा चकवा निराळा: मनात आधी एक भाकीत उमटतं, मग स्वतःचंच तर्कशास्त्र त्याला पुरावे पुरवत जातं, आणि समोरच्याच्या मनात काय आहे हे त्याला न विचारताच ठरून जातं.

वर्णन म्हणून हे मला पटतं. अशी माणसं मी पाहिली आहेत. काही रात्री मीही तीच असतो. सिद्धान्त म्हणून मात्र पाया भुसभुशीत आहे. तिसरीचं तोंड कुठं, हे दोन्ही बाजूंनी तर्कानं ठरवलं, मोजून नव्हे. एकाच माणसानं काही आठवड्यांनी पुन्हा प्रश्नावली सोडवली तर एखादं अक्षर बदलणं नेहमीचं. शिवाय स्वभाव पाच घटकांत मोजायच्या पद्धतीत, जी संशोधक जास्त वापरतात, अतिविचाराचं नातं अंतर्मुखतेपेक्षा भावनिक अस्थिरतेशी कितीतरी घट्ट दिसतं. गप्प माणूस शांत असू शकतो आणि कट्टा गाजवणारा रात्री दोनला छताकडे बघत पडलेला असू शकतो. 'अंतर्मुख म्हणजे विचार करकरून खंगणारा' हे समीकरण ढिलंच आहे.

मोजायचं काम दुसऱ्याच वाटेनं झालं. 1987 नंतर एका अमेरिकी संशोधिकेनं माणूस उदास झाला की काय करतो, यावर लक्ष दिलं. तिनं वापरलेल्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ रवंथ. आपल्याला वेगळं समजवायची गरज नाही. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी पितळी पेला हातात घेऊन उभं राहिलं की समोर म्हैस तेच करत असते: डोळे अर्धे मिटलेले, जबडा आडवा फिरतोय, घास गिळला की थोड्या वेळानं दुसरा वर. फरक इतकाच की म्हशीच्या रवंथाचं दूध होतं.

17 ऑक्टोबर 1989 ला कॅलिफोर्नियात 6.9 तीव्रतेचा भूकंप झाला. तिथल्या एका विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी त्याच्या 14 दिवस आधी योगायोगानं याच विषयावरची प्रश्नावली भरली होती. भूकंपानंतर 10 दिवसांनी आणि पुन्हा 7 आठवड्यांनी त्यांना विचारलं गेलं. आधीपासून रवंथ करणारे जास्त उदास निघाले, त्यांची आधीची उदासी हिशेबात धरूनही. प्रयोगशाळेत तर 8 मिनिटं पुरतात: उदास माणसाला 8 मिनिटं स्वतःच्या मनःस्थितीवर विचार करायला लावलं की तो आणखी खचतो, तितकाच वेळ बाहेरच्या वस्तूंवर लक्ष वळवलं की जरा सावरतो. उदास नसलेल्यावर दोन्हीचा फारसा परिणाम नाही.

2003 साली रवंथ मोजायची जुनी 22 प्रश्नांची यादी चाळली गेली. त्यातले 12 प्रश्न उदासीच्या लक्षणांचेच निघाले. उरलेल्या 10 चे दोन गट पडले, प्रत्येकी 5: एक कुढणं, दुसरं चिंतन. जुन्या मराठीत 'अंतर्मुख होणं' जे होतं ते या दुसऱ्या गटाच्या जवळ जातं, आणि ताईचं 'घुमं' पहिल्याच्या. म्हणजे भाषेनं जे आधीच वेगळं ठेवलं होतं ते आपण एका शब्दात कोंबलं आणि परत वेगळं करायला 2003 उजाडलं. पुढच्या उपचारांत भर आला तो 'का' सोडून 'कसं'वर येण्यावर. 'माझ्याच बाबतीत असं का होतं' याला तळ नसतो. 'सोमवारी नेमकं काय, कुठल्या क्रमानं झालं' याला असतो.

अलीकडच्या वर्षांबद्दल थोडक्यात. फुकटच्या चाचण्या फोनवर आल्या. मार्च 2020 ला टाळेबंदी आली आणि घरात बसणं हे कर्तव्य ठरलं; जो आधीच दार लावून होता त्याला कुणी हुडकत येईना. ती उठते न उठते तोच जुलै 2021 ला पंचगंगेचा पूर. ऑक्टोबर 2022 पासून 14416 हा सरकारी मानसिक आरोग्याचा क्रमांक सुरू आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, रस सगळंच गेलं असेल तर तो सोळा प्रकारांपैकी कुठलाच प्रकार नसतो, नैराश्य असू शकतं, आणि तिथं अक्षरं बाजूला ठेवावीत.

भाच्याचं तितकं नव्हतं. ताईनं 'का रं असा' विचारायचं बंद केलं आणि त्याच्या हातात किटली दिली. रोज संध्याकाळी गंगावेशीतून दोन लिटर. कुरकुरत जातो, येताना कुणाशी तरी बोलून येतो. मध्यंतरी त्यानं चाचणी पुन्हा दिली. शेवटचं एकच अक्षर बदललं, 'पी'चं 'जे' झालं. पण तेवढ्यानं चारही क्षमतांची तोंडं फिरतात, एकही जागेवर राहत नाही. आता आपण नक्की कोण, हे ठरवायला त्यानं दोन रात्री जागवल्या आहेत.

"मामा, तुला काय वाटतं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, दूध उतू चाललंय, आधी गॅस बंद कर.