चोवीस तासांची खिडकी

दिवाळीआधीच्या पंधरवड्यात घरगुती फराळ विकणाऱ्या कुणालाही विचारा. व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट लिस्ट केलेली असते, चकली-अनारशांचे भाव फोटोसकट पाठवलेले असतात आणि संध्याकाळी कळतं की यादीतल्या कित्येकांना ते मिळालेलेच नाहीत. बिघाड काहीच नसतो. एका यादीत २५६ नावं, आणि त्यातही ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचणार, असा नियमच आहे. तुमच्या फोनमध्ये त्यांचा नंबर असून भागत नाही; त्यांच्या फोनमध्ये तुमचा लागतो.

पुढे आलेले नियम याहून बरेच किचकट आहेत. पण कुठलाही उचलून पाहा, आत प्रश्न एकच निघतो: बोलणं आधी कुणी काढलं?

हा प्रश्न आपल्याकडे पहिल्यांदा ऐरणीवर आला तो एसएमएसच्या काळात. प्लॉट, कर्ज, वजन घटवण्याचे उपाय यांच्या मेसेजनी लोक इतके वैतागले होते की २७ सप्टेंबर २०११ पासून ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएस एवढीच मुभा ठेवली. ओरड झाल्यावर त्याचे २०० केले. धंदेवाइकांना आवरायला काढलेला हा चाबूक प्रेमिकांच्या आणि कॉलेजातल्या पोरांच्या पाठीवर बसला. जुलै २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खासगी मेसेजवरचं हे बंधन रद्द केलं. मग २०१८ मध्ये नवे नियम आले. त्यांत मोजणीपेक्षा नोंदणीवर भर होता: पाठवणाऱ्याचं नाव आधी नोंदवायचं आणि मजकुराचा साचाही. मार्च २०२१ मध्ये याची कडक तपासणी सुरू झाली त्या दिवशी बँकांचे ओटीपीच अडकले आणि तपासणी आठवडाभर थांबवावी लागली. पण साचा मंजूर करून घ्यायचा आणि मगच पाठवायचं, ही पद्धत राहिली ती राहिलीच.

व्हॉट्सअ‍ॅपची गोष्ट उलट टोकापासून सुरू होते. जाहिराती नकोत, खेळ नकोत, क्लृप्त्या नकोत, अशी चिठ्ठी संस्थापकांपैकी ब्रायन अ‍ॅक्टन यांनी लिहून दिली होती आणि दुसरे संस्थापक जॅन कूम ती आपल्या टेबलावर ठेवत. २०१४ मध्ये फेसबुकने कंपनी विकत घेतली. जानेवारी २०१६ मध्ये वर्षाची एक डॉलर वर्गणी बंद झाली आणि त्याच घोषणेत सांगितलं गेलं की आता बँका, विमान कंपन्या यांच्याशी ग्राहकाला बोलता येईल अशी सोय करून पाहू. पैसा कुठून येणार, त्याचं उत्तर तिथेच होतं. जानेवारी २०१८ मध्ये छोट्या दुकानदारांसाठी बिझनेस अ‍ॅप आलं आणि ऑगस्टमध्ये मोठ्या कंपन्यांसाठी एपीआय, म्हणजे कंपनीच्या संगणकातून थेट मेसेज धाडायची सोय.

या एपीआयसोबत चोवीस तासांची खिडकी आली. ग्राहकाने मेसेज केला की खिडकी उघडते. पुढचे चोवीस तास तुम्ही हवं ते लिहा, फोटो पाठवा, घासाघीस करा. त्याने परत काही लिहिलं की घड्याळ पुन्हा शून्यापासून. एकदा खिडकी बंद झाली की मंजूर साच्याशिवाय बोलता येत नाही, आणि साच्याला पैसे पडतात. कल्पना कोरी नव्हती. फेसबुकच्या मेसेंजरवर बॉटना, म्हणजे आपोआप उत्तरं देणाऱ्या प्रोग्रॅमना, चोवीस तासांचा हिशेब आधीपासून होताच. तिथे मुदत संपल्यावर वर एक मेसेज पाठवायची सवलत होती, ती २०२० मध्ये गेली.

त्याच २०१८ सालची एक तारीख महाराष्ट्राला विसरता येणार नाही. १ जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजातले लोक होते ते. अफवा मोबाइलवरून फिरली होती. देशात इतरत्रही असे बळी गेले होते. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. हा नियम धंद्यासाठी नव्हता, पण ‘दहा ग्रुपवर टाका’ हा फुकटचा प्रचार त्याने आवळला.

एपीआयवर मोजणी वेगळी आहे. किती मेसेज, हे मोजत नाहीत; चोवीस तासांत किती वेगवेगळ्या लोकांशी तुम्ही स्वतःहून बोलणं काढलं, ते मोजतात. पडताळणी न झालेल्या कंपनीला २५०, मग पायरीपायरीने लाखापर्यंत आणि शेवटी अमर्याद. वर चढायचं तर लोकांनी ब्लॉक करता कामा नये. ब्लॉक आणि तक्रारी वाढल्या की नंबरचा दर्जा हिरव्यावरून पिवळा, मग लाल. हा त्यातला सगळ्यात शहाणा भाग, असं माझं मत.

पण यातही एक भोक राहिलं. प्रत्येक कंपनी आपल्या मर्यादेत वागली, तरी पंधरा कंपन्या मिळून एकाच माणसाला हैराण करू शकतात. म्हणून २०२४ मध्ये, आधी भारतात, ग्राहकाच्या बाजूने मर्यादा आली: एका माणसाला ठरावीक काळात सगळ्यांचे मिळून ठरावीकच जाहिरात-मेसेज. तो आकडा मेटा, म्हणजे नाव बदललेली फेसबुक कंपनी, सांगत नाही. पाठवणाऱ्याला फक्त १३१०४९ हा एरर कोड दिसतो. तुमचा साचा मंजूर, दर्जा हिरवा, तरी मेसेज जात नाही, कारण सकाळीच दुसरं कुणीतरी येऊन गेलेलं असतं. अमेरिकेच्या नंबरांवर तर एप्रिल २०२५ पासून जाहिरात-साचे पाठवणंच थांबवलंय. न्यू जर्सीतल्या गिऱ्हाइकाला पैठणीची ऑफर त्या वाटेने जात नाही.

इन्स्टाग्रामवर एपीआयने स्वतःहून बोलणं काढताच येत नाही. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ या सर्वांना छळणाऱ्या प्रथेला त्यामुळे एक तांत्रिक आधारही आहे. कुणी रीलखाली ‘प्राइस?’ असं लिहिलं, तर त्या एका कॉमेंटमागे सात दिवसांत एक खासगी उत्तर धाडता येतं. समोरच्याने त्यावर काही लिहिलं तरच पुढे खिडकी.

दुकानाच्या गल्ल्यापाशी हल्ली क्यूआर कोडची पाटी असते: स्कॅन करा, ‘हाय’ पाठवा, दहा टक्के सूट मिळवा. ‘हाय’ आधीच टाइप झालेलं असतं, आपण फक्त बाण दाबायचा. दहा टक्के त्या बाणाचे असतात: दुकानदाराला नुसता तुमचा नंबर पुरत नाही, पहिला शब्द तुमच्याकडून गेलेला लागतो.