विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज : पीएचडीचा अर्ज आणि मराठवाड्यातली कागदपत्रं

कृत्रिम पावसाचे प्रयोग मराठवाड्यात का झाले, बीटी कापसाने शेतकऱ्याचं गणित कसं बदललं, असे प्रश्न ज्यांना पडतात त्यांनी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातलं विज्ञान धोरण अध्ययन केंद्र बघावं. तिथे याच विषयात पीएचडी होते. इंजिनिअर असाल तर आयआयटी मुंबईच्या 'सितारा' केंद्रात तंत्रज्ञान आणि विकास या विषयाचं एमटेक आहे, पण त्याला गेट ही इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा लागते.

पीएचडीचा रस्ता नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जातो. पदव्युत्तरला 55 टक्के हवेत. एससी, एसटी, ओबीसी आणि दिव्यांगांना 50 चालतात. शेवटच्या वर्षात असतानाही फॉर्म भरता येतो. नेटच्या यादीत हा विषय स्वतंत्र नाही, त्यामुळे ज्यात एमए केलं तोच विषय घ्या. पेपर इंग्रजी-हिंदीत येतो, मराठीत नाही. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला 37,000 रुपये. ती नाही मिळाली तर गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. मग 70 टक्के भार नेटला, 30 मुलाखतीला.

आता खरी अडचण: दाखले. बंजारा, वंजारी, धनगर ही मुलं आपल्याकडे व्हीजे (विमुक्त जाती) किंवा एनटी (भटक्या जमाती). केंद्राच्या फॉर्ममध्ये असा रकानाच नाही, तिथे ती ओबीसी. त्यामुळे केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला, नॉन क्रिमिलेअरसह, वेगळा काढावा लागतो. सेतूत अर्ज देतानाच 'केंद्रासाठी' असं ठासून सांगा, नाहीतर राज्याचाच नमुना हातात पडतो. एसईबीसीचा, म्हणजे राज्याच्या मराठा आरक्षणाचा, दाखला केंद्रीय संस्थेत चालत नाही. ज्यांच्याकडे कुणबी दाखला नाही त्यांना ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) उरतं, पण कुटुंबाची शेती पाच एकर किंवा जास्त असेल तर तेही नाही. जिरायत पाच एकरांत काय पिकतं हे नियम करणाऱ्यांना कोण सांगणार! ईडब्ल्यूएस दरवर्षी नवं लागतं, म्हणून एप्रिल उजाडला की तहसील गाठा.

बाकी गुणपत्रकं, पदवी प्रमाणपत्र, आधार आणि मायग्रेशन. दहावीच्या सनदेवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय ना, ते फॉर्म भरण्याआधीच बघा.

मुलाखतीत संशोधन आराखड्यावरच जोर असतो. 'मराठवाड्यातला दुष्काळ' हा काही आराखडा नव्हे. 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणायचा निर्णय कुणी, कोणत्या आकड्यांवर घेतला, हा मात्र होऊ शकतो.